‘डी ड्राइव्हला आहे सगळं!’

लॅपटॉप रडायला लागला की आपण बिनधास्त म्हणतो, ‘फॉरमॅट मारून टाक.’ पण फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. मला ते जरा उशिरा कळलं.

सबमिशन तोंडावर आलंय. लॅपटॉप सुरू करायचा, चहा ठेवायचा, चहा पिऊन कप विसळून परत यायचं, तरी स्क्रीनवर ते ठिपके गोल गोल फिरतायत. ओळखीचं वाटतंय ना?

माझंही असंच झालं होतं, शेवटच्या वर्षाला. रूममेट म्हणाली, कॉर्नरच्या दुकानात दे, तासाभरात फॉरमॅट मारून मिळेल. दिला. दुकानातल्या दादांनी विचारलंही, ‘डेटा ठेवायचाय का काही?’ मी एकदम कॉन्फिडन्समध्ये, ‘डी ड्राइव्हला आहे सगळं!’

नव्हतं. माझ्या प्रोजेक्टचं फोल्डर डेस्कटॉपवर होतं. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ११ बायकांच्या मुलाखती होत्या. बीडच्या एका गावात जाऊन, त्या कारखान्यांवर निघायच्या आधी रेकॉर्ड केलेल्या. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून तिथल्या फायली मी लॅपटॉपवर घेऊन उडवल्या होत्या. लॅपटॉप परत आला तेव्हा डेस्कटॉपवर फक्त रिसायकल बिन होतं. तीही रिकामी!

चूक दादांची नव्हती. माझी होती. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की डेस्कटॉप म्हणजे काहीतरी वेगळी जागा. तसं नाहीये. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही सगळी फोल्डर्स तुम्ही मुद्दाम हलवली नसतील, तर सी ड्राइव्हमध्येच असतात. आणि फॉरमॅट सगळ्यात आधी सी ड्राइव्हच होतो.

मग मी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून बघितलं. हाती काही लागलं नाही. जुन्या हार्ड डिस्कवर डिलीट झालेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथंच पडून असते. एसएसडीचं तसं नसतं. ‘ही जागा आता मोकळी’ असं विंडोजने सांगितलं की ती स्वतःच जागा साफ करून टाकते. आपला लॅपटॉप ज्या एसएसडीमुळे पळतो, तीच इथं नडते.

फॉरमॅटच्या आधीचे रस्ते

विंडोज नव्याने टाकायचं म्हणजे सगळं पुसायचंच, असं अजिबात नाही.

रस्ता पहिला : लॅपटॉप सुरू होतोय, पण रडतोय. विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथं जा. ‘फिक्स प्रॉब्लेम्स युजिंग विंडोज अपडेट’ असा पर्याय दिसेल. त्यात विंडोज नव्याने बसतं, पण तुमची अ‍ॅप्स, फायली आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. तो पर्याय दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजची आयएसओ फाइल उतरवा, चालू विंडोजमध्येच उघडा, सेटअप चालवा आणि ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स’ निवडा. काम तेच.

रस्ता दुसरा : ‘रीसेट धिस पीसी’. यात ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर तुमच्या फायली राहतात, पण तुम्ही टाकलेली सॉफ्टवेअर्स जातात. काय काय गेलं त्याची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवतं. शेजारीच ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असतं. घाईत बोट तिकडं जाऊ देऊ नका.

रस्ता तिसरा : पेनड्राइव्हवरून क्लीन इन्स्टॉल, म्हणजे आपलं नेहमीचं ‘फॉरमॅट’. व्हायरस घुसलाय किंवा वरचे दोन्ही उपाय करून झालेत, तेव्हाच हा.

आणि लॅपटॉप सुरूच होत नसेल तर? तरी फायली गेल्या असं समजू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडा. काहीही इन्स्टॉल न करता आतल्या फायली दिसतात, त्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करता येतात. फक्त ड्राइव्हला बिटलॉकर लागलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागते. बऱ्याच नव्या लॅपटॉपना ते आपल्या नकळत लागलेलं असतं. की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. ती आजच बघून वहीत लिहून ठेवा.

फायलींपलीकडचं

‘डेटा घेतला’ म्हणताना आपण फोटो आणि पीडीएफ घेतो. विसरतो ते वेगळंच.

फॉन्ट : मराठी टाइप करणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली फाइल फॉन्ट गेल्यावर उघडते, पण त्यात इंग्रजी अक्षरांचा नुसता भाजीपाला दिसतो. फॉन्टच्या फायलीही कॉपी करा. युनिकोडमध्ये टाइप केलं असेल तर ही कटकट नाही.

एडिटिंग : प्रीमिअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो. व्हिडिओ कुठं ठेवलाय, फक्त तो पत्ता असतो. प्रोजेक्ट आणि फुटेज, दोन्ही घ्या.

ब्राउझर : बुकमार्क्स आणि पासवर्ड सिंक झालेत का, ते दुसऱ्या मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर लॉगइन करून तपासा.

लायसन्स : त्याच लॅपटॉपवर तेच विंडोज परत टाकलं तर ते सहसा इंटरनेटला जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. बाकी विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे ईमेल आणि की शोधून ठेवा.

आणि कॉपी झाली की ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हेच. जमलं तर ३-२-१ चा नियम पाळा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.

विंडोज १० वापरत असाल तर हे सगळं लवकर करा. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट बंद केलाय, त्यामुळे आज ना उद्या नवं विंडोज टाकायची वेळ येणारच.

मग त्या मुलाखतींचं काय झालं?

चार वाचल्या. ट्रान्सक्रिप्शनला मदत म्हणून मैत्रिणीला पाठवल्या होत्या, तिच्याकडे सापडल्या. उरलेल्या सात जणींना फोन लावत बसले. त्या तेव्हा ऊसाच्या फडात होत्या. पहाटे कामाला लागायचं, रात्री पालावर येऊन स्वयंपाक करायचा. दोघींनी वेळ काढून पुन्हा सांगितलं. तिघींचे फोन लागलेच नाहीत. एकीच्या नवऱ्याने उचलला आणि ठेवून दिला. एक ताई म्हणाल्या, ‘एकदा सांगितलं की गं समदं. आता तेच कुठं उगाळत बसू?’

त्यांचं बरोबरच होतं. प्रोजेक्टमध्ये ‘११ मुलाखती’ लिहिलं होतं, ते खोडून ‘६’ केलं. मार्क ठीकठाक मिळाले. विंडोज परत मिळालं, एडिटिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच दिवशी परत टाकलं. त्या पाच जणींनी आपलं काम बाजूला ठेवून मला दिलेली दुपार मात्र मी हरवली.

म्हणून लॅपटॉप दुकानात द्यायच्या आधी, ‘यातलं काय मला कुठूनच परत मिळणार नाही?’ एवढं एकदा स्वतःला विचारा. जे उत्तर येईल, ते आधी कॉपी करा. आणि दादांनी ‘डेटा ठेवायचाय का?’ विचारलं, तर माझ्यासारखं तोंडपाठ उत्तर देऊ नका. लॅपटॉप उघडा आणि बघून सांगा.