विजेरीचे भक्त व त्यांची बदलती निष्ठा

निष्ठा हा शब्द उच्चारला कीं थोर पुरुषांचीं चरित्रें आपल्या मनापुढें उभीं राहतात. परंतु मनुष्याची निष्ठा केवळ माणसांवरच जडते असें नाहीं. सुताराची ती आपल्या पटाशीवर जडते, शिंप्याची कातरीवर, लेखकाची लेखणीवर. हातांतील वस्तूनें ऐन वेळीं दगा दिला नाहीं, म्हणजे ती घडविणाराचें नांव मनांत ठसतें, आणि पुढें पुढें तें नांवच वस्तूविषयीं साक्ष देऊं लागतें. असें नांव कसें मिळतें आणि मिळालेलें नांव कसें ढिलें पडतें, याचें एक बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील विजेरीच्या शौकिनांच्या इतिहासांत सांपडतें. तें आम्ही येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

ज्या वस्तूला आपण बोलतांना 'बॅटरी' आणि लिहितांना 'विजेरी' म्हणतों, तिचें एक आरंभींचें पेटंट अमेरिकेंत १८९९ सालच्या जानेवारींत डेव्हिड मिसेल या संशोधकास मिळालें. त्या काळचे सेल इतके दुर्बळ असत कीं दिवा क्षणभर चमकावा आणि पुन्हां विसांवा घ्यावा. म्हणूनच इंग्रजींत तिला 'फ्लॅशलाइट', म्हणजे चमकून जाणारा दिवा, हें नांव पडलें. पुढें सेल सुधारले, पण तिचें बाह्य रूप पुष्कळ वर्षें फारसें पालटलें नाहीं. पत्र्याची नळी, तींत जाडजूड सेल, टोंकाला बल्ब व त्यापुढें कांच. पडली तर पोचा यावा आणि पाऊस लागला तर गंज चढावा, हें तिचें प्राक्तनच समजलें जाई.

या स्थितींत पालट होण्यास १९७९ हें साल कारणीभूत झालें. त्या सालीं कॅलिफोर्नियांत टोनी मॅग्लिका यांनीं अॅल्युमिनियमच्या भक्कम नळीची 'मॅगलाइट' ही विजेरी बाजारांत आणली आणि ती पोलिसांच्या पट्ट्याला लटकूं लागली. त्याच सालीं त्याच प्रांतांत जॉन मॅथ्यूज या इंजिनियरांनीं 'लेझर प्रॉडक्ट्स' नांवाची कंपनी काढली. बंदुकीवर बसवावयाचीं लेझरचीं नेमदर्शक यंत्रें करणें हा तिचा मूळ धंदा होता. पुढें बंदुकीवर दिवाही बसवावा असें ठरलें, तेव्हां गोळीचा धक्का सोसूनही न विझणारा, लहान पण प्रखर असा दिवा करण्याची विद्या तिला साधावी लागली. त्याच विद्येंतून तिच्या हातांत धरावयाच्या विजेऱ्या जन्मास आल्या. त्यांचें नांव 'शुअरफायर'. आणि तें इतकें गाजलें कीं पुढें कंपनीनेंही तेंच धारण केलें.

या घराण्यांतील सर्वांत प्रसिद्ध विजेरी म्हणजे 'सिक्स-पी'. तिची लांबी सुमारें १३ सेंटिमीटर, म्हणजे मुठींत धरली असतां दोन्हीं बाजूंस थोडीशीच दिसावी एवढी. तिच्यांत कॅमेऱ्यांत वापरले जाणारे '१२३ए' जातीचे, प्रत्येकीं ३ व्होल्टांचे, लिथियमचे दोन सेल बसत. तिचा प्रकाश ६५ ल्युमेन असे व तो सुमारें एक तास टिके. ल्युमेन म्हणजे दिव्यांतून बाहेर पडणाऱ्या एकंदर प्रकाशाचें माप. आज ६५ हा आंकडा कोणाला क्षुल्लक वाटेल; परंतु त्या काळीं एवढा प्रकाश हवा तर हातभर लांबीची जड विजेरी बाळगावी लागे. शिवाय हे सेल न वापरतां ठेवले तरी दहा वर्षें आपली शक्ति राखून असत. वस्तु बिघडल्यास ती दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमीही कंपनीनें दिली होती.

आरंभीं ही विजेरी घेणारे लोक म्हणजे पोलीस व शिपाई. अंधाऱ्या खोलींत शिरणाराचा प्राण कित्येकदां त्याच्या हातांतील दिव्यावर अवलंबून असतो. तेथें चार पैसे अधिक पडले तरी त्याची खंत नसते. परंतु त्यांच्या मागोमाग दुसराच एक वर्ग आला. या लोकांना अंधाऱ्या खोलींत शिरावयाचें नव्हतें. त्यांना केवळ उत्तम वस्तूचा नाद होता. ते पांढऱ्या भिंतीवर प्रकाशाचा झोत पाडून त्याचा आकार न्याहाळीत, यंत्रानें प्रकाश मोजीत, आणि घड्याळ समोर ठेवून कितव्या मिनिटाला तेज मंदावतें याची नोंद करीत. त्यांच्या दृष्टीनें 'शुअरफायर' हा मानदंडच होता; आणि त्यास कारणही तसेंच होतें. इतर पुष्कळ कारखाने नुसत्या बल्बचा प्रकाश मोजून मोठा आंकडा छापीत. या कंपनीचा आंकडा मात्र कांचेंतून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा असे. ६५ म्हटलें कीं ६५ मिळत. शौकिनांना मोजण्याची गोडी लागली आणि मोजमापांत जें नांव खरें उतरलें त्याचे ते भक्त झाले.

पुढें काय झालें हें समजण्यासाठीं दिव्याच्या पोटांत डोकावणें अवश्य आहे. जुन्या बल्बांत टंगस्टनची तार तापून पांढरी होते. विजेचा बहुतेक भाग उष्णतेंत जातो आणि एका वॅटला फार तर दहा-वीस ल्युमेन पदरांत पडतात. जपानांतील शुजी नाकामुरा यांनीं १९९३ सालीं निळा प्रकाश देणारा तेजस्वी डायोड सिद्ध केला, आणि त्यावर पिवळ्या प्रकाशाच्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळविणें शक्य झालें. निळ्या डायोडच्या शोधाबद्दल नाकामुरा, आकासाकी व आमानो या तिघांना २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. २००६ सालीं अमेरिकेंतील 'क्री' कंपनीनें जो डायोड काढला, तो एका वॅटला सुमारें ७० ल्युमेन देई. म्हणजे जुना बल्ब ज्या सेलांवर एक तास जळे, त्यांवर हा कित्येक तास चालावा!

आणि हा डायोड ज्याला पैसे देतां येतील त्या कोणालाही विकत मिळे. चीनमधील शेंझेन येथें २००४ सालीं 'फीनिक्स' हा कारखाना निघाला होता. थोड्याच काळांत 'ऑलाइट', 'नाइटकोर' इत्यादि नांवें पुढें आलीं. नवा डायोड निघाला कीं कांहीं महिन्यांतच तो त्यांच्या विजेऱ्यांत दिसूं लागे, आणि किंमतही बरीच उतरलेली असे. 'शुअरफायर'नें डायोडचे दिवे काढले नव्हते असें नाहीं. आरंभींच्या उत्तम डायोड-विजेऱ्यांत तिच्या विजेऱ्यांची गणना होते. परंतु तिची चाल सावकाश होती. कांहीं विजेऱ्यांची घोषणा होऊन त्या विक्रीस येईपर्यंत वर्षें लोटलीं, आणि तोंवर त्यांच्यांतील नवलाई शिळी झाली. २००९ सालीं अमेरिकेंत 'एफ.एल.१' हें विजेऱ्यांच्या मोजमापाचें प्रमाण ठरलें. विजेरी पेटविल्यावर ३० सेकंदांनीं बाहेर पडणारा प्रकाश मोजावा, आणि तो दहाव्या हिश्शावर येईपर्यंतचा काळ टिकाऊपणा म्हणून सांगावा, असा त्याचा नियम. जो प्रामाणिक आंकडा पूर्वीं एका कंपनीचें भूषण होता, तो आतां नियम पाळणाऱ्या कोणाही कारखानदाराला छापतां येऊं लागला.

मात्र शौकिनांचें मन सर्वांत अधिक दुखावलें तें सेलांवरून. १२३ए सेल एकदां संपला कीं टाकून द्यावा लागतो. दिवा तासभर पूर्ण तेजानें लावला कीं दोन सेल खर्ची पडले. हौसेनें रोज रात्रीं विजेरी घेऊन फिरणाऱ्यास हें कसें परवडावें? इतक्यांत '१८६५०' नांवाचा, पुन्हां पुन्हां भरतां येणारा लिथियम-आयन सेल सर्वत्र मिळूं लागला. त्याच्या नांवांतच त्याचें माप आहे: व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर. दोन १२३ए सेल एकापुढें एक ठेवले तर लांबी जवळजवळ तेवढीच भरते, पण त्यांचा व्यास सुमारें १७ मिलिमीटर असतो. अवघ्या एका मिलिमीटरासाठीं नवा सेल जुन्या नळींत शिरेना!

अशा वेळीं भक्तांनीं जें केलें तें मोठें मौजेचें आहे. कित्येकांनीं आपली सिक्स-पी कातारी कारागिराकडे नेऊन तिची नळी आंतून तासून घेतली. तिच्या बल्बाच्या मापाचे डायोडचे दिवे दुसरे लहान कारखानदार करूं लागले होते. ते त्यांनीं जुन्या बल्बाच्या जागीं बसविले. सेल दुसऱ्याचा, दिवा दुसऱ्याचा, आणि बाहेर कोरलेलें नांव मात्र पूर्वीचेंच! तें कवच भक्कम होतें आणि त्याचे भाग सुटे करून बदलतां येत होते, म्हणूनच हें साधलें. आमच्या मतें कंपनीच्या कारागिरीची याहून मोठी प्रशंसा नाहीं आणि तिच्या संथपणावर याहून मोठी टीकाही नाहीं. दिव्याखालीं अंधार असतो म्हणतात तो असा.

पुढें कंपनीनें १२३ए व १८६५० हे दोन्हीं सेल चालतील अशा विजेऱ्या काढल्या, तशाच पुन्हां भरतां येणाऱ्याही काढल्या. परंतु तोंवर पुष्कळ शौकीन इतरत्र पांगले होते. कोणाला निळसर प्रकाशाचा कंटाळा येऊन वस्तूंचे रंग सूर्यप्रकाशांतल्यासारखे खरे दाखविणारा डायोड हवा होता, कोणाला मंद उजेडाच्या अनेक पायऱ्या हव्या होत्या, तर कोणाला केवळ स्वस्ताई. उलटपक्षीं बंदुकीवरील दिव्यांच्या क्षेत्रांत अमेरिकेंतील सैनिक व पोलीस यांच्यांत 'शुअरफायर'चा मान आजही मोठा आहे; कारण धक्का, पाणी व धूळ यांतून दिवा हटकून लागावा ही त्यांची गरज पालटलेली नाहीं. एकाच वस्तूवरील दोघांची निष्ठा निरनिराळ्या गुणांवर उभी होती, हें यावरून स्पष्ट होतें.

मग या शौकिनांना चंचल म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. मोजून पाहावें आणि खरें उतरेल तें पत्करावें, हा धडा त्यांनीं ज्या विजेरीपासून घेतला, तिलाच त्यांनीं तो पुढें लावला. आतां नव्या कारखान्यांनाही ते तोच लावतात. हजारों ल्युमेनांची जाहिरात वाचून ते विचारतात, "हें तेज किती मिनिटें?" कारण लहानशी विजेरी एवढ्या तेजानें लवकरच तापते व आपण होऊन मंद होते. ज्यांना हा प्रश्न सुचत नाहीं, त्यांच्या पदरीं नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी वस्तु येण्याचा संभव असतो.

विद्यार्थिमित्रहो, नांव मिळविण्यास जेवढे कष्ट पडतात, तेवढेच तें राखण्यासही पडतात. गेल्या वर्षींच्या गुणांवर या वर्षींची परीक्षा उतरतां येत नाहीं, हें आपण सर्व जाणतोंच. ज्यांनीं आपणांवर विश्वास टाकला, ते आपणांस मोजीत असतात. त्या मोजण्याचा राग न मानतां त्यास पुरें पडावें. आणि आपण स्वतः कोणा नांवावर विश्वास टाकाल, तेव्हां ज्या गुणासाठीं तो टाकला तो गुण अद्याप तेथें आहे कीं नाहीं, हें मधून मधून पाहत जावें.