समोरच्याचं वाक्य

यवतमाळ जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाची. युवक महोत्सव जवळ आला, की वणी, पुसद, दारव्ह्याकडे एकांकिकांच्या तालमींना जोर चढतो. पाठांतर लवकर होतं, आवाजही खणखणीत लागतो. कच्चं राहतं ते ऐकणं. समोरचा बोलत असताना पोरगा मनात स्वतःचं वाक्य घोळवत असतो. क्यू, म्हणजे आपल्या वाक्याची खूण, आला की वाक्य टाकून मोकळा.

हे उघडं पाडणारी एक साधी युक्ती आहे. बाप-लेकाचा प्रवेश पाठ झाला, की बापाच्या कानात वाक्य बदलून सांगावं. ‘कापूस इकला काय?’ऐवजी त्यानं विचारावं, ‘मायची तब्येत कशी हाय?’ पुष्कळदा लेकाचं उत्तर ठरलेलंच येतं, ‘हो, इकला.’ सगळे हसतात. पण त्या क्षणी मुलाला स्वतःलाच कळतं, की आपण ऐकतच नव्हतो. यापेक्षा मोठं व्याख्यान लागत नाही.

ऐकण्याची शिकवण आपल्याकडे नवी नाही. कोणाचं बोलणं रंगमंचावर कोणी ऐकायचं आणि कोणी नाही, याचे जनान्तिक, अपवारित असे संकेत नाट्यशास्त्रानं घालून दिले. तमाशातली बतावणी तर उत्स्फूर्त उत्तरावरच उभी असते; सरदाराचा शब्द सोंगाड्यानं वरच्यावर झेलला नाही, तर हशा पिकत नाही. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं आणि संवाद घरातल्या बोलण्याच्या जवळ आला. १९६७ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लुटुपुटूच्या खटल्यात आरोपी ठरलेल्या बेणारे बाई गप्प बसून इतरांचं ऐकतात, तेव्हा नाटक सर्वांत जास्त ताणलं जातं.

के. नारायण काळे यांनी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचा अभिनयावरचा ग्रंथ ‘अभिनय साधना’ या नावानं मराठीत आणला. नटानं सहनटाशी खरोखर देवाणघेवाण करावी, हा त्यातला एक मुख्य धडा. न्यूयॉर्कचा अभिनयशिक्षक सॅनफर्ड माइस्नर यानं या धड्याची तालीमच बसवली. दोघांनी समोरासमोर बसायचं. एक म्हणतो, ‘तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय.’ दुसरा म्हणतो, ‘माझ्या शर्टाचं बटण तुटलंय.’ तेच वाक्य परत परत. काही वेळानं त्यात चीड येते, हसू येतं, ओशाळलेपण येतं. शब्द तेच असतात, बदल समोरच्यामुळे घडतो. ही तालीम वऱ्हाडीत घ्यावी. घरच्या बोलीत पोरं शब्द जुळवत बसत नाहीत, त्यामुळे कान मोकळे राहतात.

या मातीतलं मोठं उदाहरण म्हणजे श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘तेरवं’ हे नाटक. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींनीच ते रंगमंचावर उभं केलं. त्यांतल्याच राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. ज्यांचं दुःखच खरं, त्यांना तालीम कशाला, असं कुणी म्हणेल. पण खरं दुःख माणसाला आत ओढतं. प्रत्येकीनं नुसतं आपलंच सांगितलं, तर ती निवेदनं होतील. शेजारणीचं ऐकून वाक्य उमटलं, तरच त्याचं नाटक होतं.

स्पर्धांमध्ये वैयक्तिक अभिनयाची बक्षिसं असतात, म्हणून प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या वाक्यावर. परीक्षकांनी बोलणाऱ्याइतकंच ऐकणाऱ्याकडेही पाहावं आणि त्याचे गुण द्यावेत. दिग्दर्शकांनी तालमीचे पहिले दिवस पाठांतराला न देता ऐकण्याला द्यावेत. त्याला नेपथ्य लागत नाही, प्रकाशयोजना लागत नाही, पैसाही लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या पोरांना मोठ्या शहराच्या बरोबरीनं उभं राहायला याहून सरळ वाट मला दिसत नाही.