हैदराबादचा पाच वॅटी संच

हॅम म्हणजे हौशी रेडिओचा संच घरी बनवायचा, तर भारतात पहिली अडचण सुट्या भागांची असे. कॉइल गुंडाळायचे खास गाभे सहजी मिळत नसत. हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स-२०’ आखला, तेव्हा त्यांनी नळाचे वॉशर घेतले. हार्डवेअरच्या दुकानातल्या त्या वॉशरवर तांब्याची तार गुंडाळायची, साधे ट्रान्झिस्टर जोडायचे आणि १४ मेगाहर्ट्झवर बोलायचं. एकच क्रिस्टल फिल्टर ऐकताना एका दिशेनं, बोलताना उलट दिशेनं वापरायचा, ही त्या सर्किटची खरी करामत. भाग कमी, खर्च कमी. पुढे तयार बोर्ड निघाले, तेव्हा त्यांच्या कॉइल हैदराबादच्याच बायकांच्या एका गटानं हातानं गुंडाळल्या.

याच घराण्यातला ‘झेडबिटएक्स’ आता हातात मावतो. आत छोटासा रास्पबेरी पाय संगणक, पुढे टचस्क्रीन, ताकद जेमतेम पाच वॅट. आवाज, मोर्स आणि एफटी८ संदेश असं सगळं एकाच डबीत. लॅपटॉप लागत नाही.

एफटी८ ही छोटे संदेश सुरांतून पाठवण्याची संगणकी पद्धत २०१७ साली नोबेल विजेते खगोलशास्त्रज्ञ जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी आणली. संच १४.०७४ मेगाहर्ट्झवर लावला की दर १५ सेकंदांनी पडद्यावर कॉल साइनची, म्हणजे ऐकू येणाऱ्या हॅमच्या ओळखखुणांची यादी उतरते. एक निवडली की देवघेव सुरू: तुमची कॉल साइन, नकाशावर ठिकाणाचा चौकोन (पुण्याचा एमके६८), सिग्नल कसा येतोय त्याचा आकडा आणि शेवटी ‘७३’, म्हणजे शुभेच्छा. दीडेक मिनिटात काम आटोपतं. संदेश आठ सुरांत बांधलेला असतो आणि जेमतेम ५० हर्ट्झ जागा घेतो. म्हणूनच कानाला नुसती खरखर ऐकू येते, तिथूनही तो उचलला जातो. मात्र संचाचं घड्याळ सेकंदाच्या आसपास बिनचूक हवं. संच घेऊन डोंगरावर निघण्याआधी ते जुळवून घ्यावं. शिवाय प्रत्येक पाळीत जवळपास १३ सेकंद अखंड प्रक्षेपण होत असल्यानं एवढासा संच तापतो. ताकद थोडी उतरवलेली बरी.

पण मनातलं काही लिहू म्हणाल, तर एका संदेशात १३च अक्षरं, तीही रोमन. गप्पा मारायच्या तर माइकच उचलायला हवा. आवाजाला एफटी८च्या पन्नासेक पट रुंद जागा लागते, त्यामुळे तेच पाच वॅट पातळ होतात. इथे अँटेनाच तारते. ७ मेगाहर्ट्झसाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार उंच बांधा, लोअर साइडबँड निवडा आणि आधी ऐका. जागा मोकळी आहे का, असं विचारून मगच बोलायला लागा. माइकमध्ये ओरडू नका. आवाज फाटतो आणि शेजारच्यांनाही त्रास होतो. कॉल साइन सावकाश, अक्षर अक्षर फोडून सांगा.

नवे हॅम एफटी८च्या यादीतच रमतात, हे मला मनापासून खटकतं. लांबचे देश मोजायला ती पद्धत उत्तम, अँटेना पारखायलाही. पण दुबळा आवाज खरखरीतून कानानं वेचणं, तीनदा विचारून समोरच्याचं गाव नीट लिहून घेणं, पूर आला किंवा मोबाइल टॉवर पडला तर निरोप बिनचूक पोचवणं, हे बोलूनच अंगी येतं. संच घेतलात तर पहिले काही दिवस माइकलाच द्या.

आणि त्याआधी परवाना काढा. भारतात वयाची १२ वर्षं पूर्ण केलेल्या कोणालाही त्याची परीक्षा देता येते.