नव्या गाडीत काय नाही? टंचाईच्या काळातली इलेक्ट्रिक कार

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय तसा बाजारातला आहे, पण त्यात थोडं तंत्रज्ञान आहे आणि थोडा विश्वासाचा प्रश्नही आहे. आपण नवी गाडी घ्यायला जातो तेव्हा तिच्यात काय काय आहे, याची यादी शोरूममधला माणूस उत्साहाने वाचून दाखवतो. काय नाही, याची यादी कोणी देत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये जगभरातल्या अनेक ग्राहकांना ही दुसरी यादी स्वतःच शोधून काढावी लागली. आज आपण मुख्यतः टेस्ला या अमेरिकी कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्यांचं उदाहरण बघू. त्या गाड्यांत गोष्टी वगळण्याचे सगळे प्रकार एकाच ठिकाणी दिसतात, म्हणून.

चिप कमी का पडल्या?

आजच्या एका गाडीत हजाराच्या आसपास, कधी त्याहून जास्त, इलेक्ट्रॉनिक चिप असतात. काच खाली घ्यायला चिप, सीट पुढेमागे करायला चिप, स्टिअरिंग हलकं करायला चिप. यातल्या बऱ्याचशा अगदी साध्या आणि स्वस्त असतात. पण गाडीचं गणित विचित्र आहे. लाखो रुपयांची गाडी एका शंभर-दोनशे रुपयांच्या चिपसाठी कारखान्यात अडकून पडू शकते.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे कारखाने बंद पडले. गाड्या विकल्या जाणार नाहीत, असं धरून कार कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी घरून काम आणि घरून शाळा सुरू झाली. लॅपटॉप, टॅब, वायफायचे राउटर यांची मागणी वाढली, आणि मोकळी झालेली क्षमता तिकडे गेली. काही महिन्यांनी गाड्यांची मागणी परत आली तेव्हा कार कंपन्या रांगेत मागे होत्या. तैवानच्या टीएसएमसी या सर्वांत मोठ्या चिप-उत्पादकाच्या २०२० च्या उत्पन्नात वाहन उद्योगाचा वाटा जेमतेम ३ टक्के होता. इतक्या छोट्या गिऱ्हाइकाला कोण पुढे घेणार? आणि चिप म्हणजे काही भजी नव्हेत, की ऑर्डर दिली आणि तळून दिली. एक चिप तयार व्हायला तीन-चार महिने लागतात.

त्यात २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये हिमवादळ आलं आणि तिथले चिपचे कारखाने बंद ठेवावे लागले. मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. ही कंपनी गाड्यांसाठीच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपैकी एक. झालं, टंचाई पक्की झाली.

थांबायचं की वगळायचं?

अशा वेळी कंपनीपुढे दोनच रस्ते असतात. एक, गाड्या बनवणं थांबवा. दोन, जे मिळत नाही ते वगळून गाडी बाहेर काढा. आपल्याकडे दिवाळीत काजू महागले तर चिवडा बिनकाजूचा होतो. पण पोहेच नसतील तर चिवडा होत नाही. गाडीतही काजू कोणते आणि पोहे कोणते, हे ठरवावं लागतं. आजच्या विषयातला खरा प्रश्न हाच आहे: हे ठरवतं कोण, आणि खाणाऱ्याला सांगतं का?

बहुतेक कंपन्यांनी दोन्ही रस्ते थोडेथोडे धरले. टेस्लाने मात्र या काळात विक्री वाढवली. २०२० मध्ये सुमारे ५ लाख गाड्या दिल्या होत्या, २०२१ मध्ये सुमारे ९ लाख ३६ हजार. याचं एक कारण असं, की गाडीतलं बरंचसं सॉफ्टवेअर कंपनी स्वतः लिहिते. एक चिप मिळाली नाही तर दुसरी शोधायची आणि तिच्यासाठी प्रोग्राम नव्याने लिहायचा. हे कौशल्याचं काम आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण वाढीचं सगळं श्रेय तेवढ्यालाच नाही. काही गोष्टी वगळल्याही गेल्या.

तीन प्रकारचं ‘नसणं’

पहिला प्रकार: दिसणारं नसणं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये काही ग्राहकांना गाडी मिळाली, तर आत मोबाईल चार्ज करायचे यूएसबी पोर्टच नव्हते. जागा होती, पोर्ट नव्हता. भाग आले की बसवून देऊ, असं सांगण्यात आलं. चिडचिड होते, पण निदान कळतं. त्याच सुमारास बीएमडब्ल्यूने काही मॉडेलांमधून टचस्क्रीनची सोय काढली, पण ती सांगून काढली आणि अमेरिकेत ग्राहकांना ५०० डॉलरची सूट दिली. २०२२ मध्ये टोयोटाने जपानमध्ये जाहीर केलं, की दोन स्मार्ट किल्ल्यांऐवजी सध्या एकच मिळेल, दुसरी साधी किल्ली घ्या. हा व्यवहार सरळ आहे.

दुसरा प्रकार: कारण बदलून सांगितलेलं नसणं. २०२१ च्या मे महिन्यात टेस्लाच्या मॉडेल थ्री आणि मॉडेल वाय गाड्यांत चालकाशेजारच्या सीटमधला कमरेचा आधार काढला गेला. ते बटण जवळजवळ कोणी वापरतच नाही, असं नोंदींवरून दिसलं, म्हणून काढलं, असं इलॉन मस्क यांनी सांगितलं. आता बघा, इलेक्ट्रिक गाडी कोणतं बटण किती वेळा दाबलं हे कंपनीला कळवू शकते. त्यामुळे ‘काजू कोणते’ हे कंपनी आकडे बघून ठरवते. पण कमरेचा आधार माणूस एकदाच आपल्या पाठीला जुळवून घेतो आणि मग वर्षभर तसाच ठेवतो. बटण दाबलं नाही म्हणजे आधार वापरला नाही, असं होत नाही. ज्याची कंबर दुखते त्याला हे सांगावं लागत नाही.

हा निर्णय टंचाईमुळे होता, की खर्च वाचवण्यासाठी? बाहेरून सांगता येत नाही, आणि अडचण तीच आहे. टंचाईच्या काळात काढलेली प्रत्येक गोष्ट टंचाईमुळेच गेली असं नसतं, आणि टंचाई संपल्यावर ती परत येईलच असंही नसतं.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर: न दिसणारं नसणं. सीएनबीसी या वृत्तसंस्थेने २०२२ च्या फेब्रुवारीत एक बातमी दिली. चीनमध्ये बनलेल्या काही मॉडेल थ्री आणि मॉडेल वाय गाड्यांच्या स्टिअरिंगमध्ये दोन नियंत्रक असायचे, त्यातला एक काढला गेला होता. अशा हजारो गाड्या चीन, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, जर्मनी इथे गेल्या, आणि ग्राहकांना ते सांगितलं गेलं नाही. दुसरा नियंत्रक हा राखीव होता, त्याच्याशिवाय गाडी नीट चालते, असं कंपनीच्या आत मानलं गेलं.

गाडी चालते, हे खरंच आहे. पण लिफ्टचा विचार करा. लिफ्ट अनेक दोरांवर लटकलेली असते. त्यातला एक काढला तरी ती वरखाली जाईल, आतल्या माणसाला काही कळणार नाही. राखीव भागाचं कामच असं असतं, की तो रोज दिसत नाही. त्याच बातमीप्रमाणे, पुढे चालकाचं लक्ष नसतानाही चालणारी प्रणाली द्यायची झाली, तर या गाड्यांना तो भाग सर्व्हिस सेंटरमध्ये बसवावा लागला असता. म्हणजे ज्याने उद्याच्या सोयीच्या आशेवर गाडी घेतली, त्याच्या हातात आज काय आलं, हे त्याला माहीतच नव्हतं. पोर्ट नाही हे ग्राहक पहिल्याच दिवशी ओळखतो. हे तो कधीच ओळखू शकत नाही, म्हणून इथे सांगण्याची जबाबदारी पूर्णपणे कंपनीची आहे.

पोहेच नसतील तेव्हा

आता जरा आपल्या पुण्याकडे येऊ. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणारी चुंबकं यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. ही चुंबकं इलेक्ट्रिक मोटरमध्ये लागतात. त्या वर्षी बजाज ऑटोच्या चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरच्या उत्पादनाला याचा फटका बसला. इथे ‘चुंबक वगळून स्कूटर देतो’ असं म्हणता येत नाही, मोटर फिरणारच नाही. दुसऱ्या मार्गाने चुंबक मिळवा, मोटरची रचना बदला, नाहीतर उत्पादन कमी करा. ही टंचाई कंपनीला झाकता येत नाही. झाकता येते ती फक्त काजूंची.

प्रश्नोत्तरांतून

एका श्रोत्याने विचारलं, “मग गाडी घेताना आम्ही करायचं काय?” चार साध्या गोष्टी सांगतो. माहितीपत्रकावर विसंबू नका, आपल्या हातात येणाऱ्या गाडीची उपकरणांची यादी लेखी मागा. ताबा घेताना यादी हातात धरून प्रत्येक बटण दाबून बघा. ‘नंतर बसवून देऊ’ म्हणाले तर ते तारखेसह लिहून घ्या. आणि ती गोष्ट सॉफ्टवेअरने येणार आहे की भाग बसवावा लागणार आहे, हे नक्की विचारा, कारण नसलेला भाग कुठल्याही अपडेटने येत नाही. जुनी गाडी घेत असाल तर २०२१ आणि २०२२ च्या गाड्यांबाबत जास्त काळजी घ्या. वर्ष एक, मॉडेल एक, रंगही एक, तरी दोन गाड्यांत फरक असू शकतो.

यादीत नसलेला राखीव भाग मात्र बटण दाबून तपासता येत नाही. त्यासाठी नियम लागतात, आणि असे नियम मागणारे ग्राहक लागतात.