विधान परिषदेतल्या रिकाम्या खुर्च्या

डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या ज्येष्ठांच्या क्लबात चहा चालू होता. एका बाईंनी मोबाइलवर नागपूरची बातमी दाखवली. महाराष्ट्र विधान परिषदेच्या सभापतीपदी राम शिंदे बिनविरोध निवडून आले होते. आम्ही पाचसहा जणी बसलो होतो, सगळ्या मुंबई-ठाण्याच्या, एक अलिबागकडची. एकीने विचारले, "अगं, अध्यक्ष निराळे ना? मग हे सभापती कोण?" तिचा जावई इथेच जन्मलेला. तो म्हणाला, "एका राज्याला दोन दोन सभागृहे कशाला? आमची एक क्नेसेत काय कमी भांडते?"

सगळ्या हसल्या, पण नीट उत्तर कोणालाच देता येईना. आम्ही मॅट्रिकपर्यंत नागरिकशास्त्र शिकलो, परीक्षेत मार्कही मिळवले, आणि सगळे विसरलो. घरी येऊन वाचायला बसलो. जे कळले ते आणि त्यावरून जे मनात आले ते इथे मांडतो.

विधानसभेचे २८८ आमदार आपण सगळे मत देऊन निवडतो. त्यांचे प्रमुख ते अध्यक्ष. विधान परिषद हे वरचे सभागृह, तिचे सभासद ७८, आणि तिचे प्रमुख ते सभापती. या ७८ जणांना गल्लीतला मतदार थेट निवडत नाही. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा यांचे सभासद निवडतात. ७ जण पदवीधरांचे, ७ जण शिक्षकांचे. राहिलेले १२ राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतली जाणकार माणसे नेमावीत असे घटनेत लिहिले आहे. सभासदाची मुदत सहा वर्षे, वय किमान तीस हवे. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सभासद निवृत्त होतात, म्हणून हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. भारतात आज फक्त सहा राज्यांत असे वरचे सभागृह आहे. तामिळनाडूने ते १९८६ मध्ये बंद केले, पश्चिम बंगालने त्याच्याही आधी, १९६९ मध्ये.

माझगावच्या एली कदुरी शाळेत आमच्या एक बाई शिक्षक मतदारसंघाचे मत द्यायला जायच्या. दुसऱ्या दिवशी वर्गात बोटावरची शाई दाखवायच्या. आम्हाला वाटायचे, मास्तर लोकांना मते जास्त, कारण ते हुशार! पुढे आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा घेतला. पदवी नव्हती, तेव्हा पदवीधरांच्या यादीत आमचे नाव येण्याचा प्रश्नच नव्हता. रात्रपाळीला साठ पेशंट सांभाळायचे, पण वरच्या सभागृहासाठी मत नाही. तेव्हा ते मनाला लागले होते हे खरे.

या सभागृहाला ताकद किती? फार नाही. पैशाचे बिल ते चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही. साधे बिल पहिल्यांदा तीन महिने आणि परत आले तर आणखी एक महिना. त्यानंतर विधानसभेचेच खरे. मग उपयोग काय? आम्हा नर्सना हे लगेच समजेल. पेशंटला रक्त चढवण्याआधी बाटलीवरचे नाव, गट, नंबर दोघी जणी वाचतात. दुसरी काही डॉक्टरची ऑर्डर रद्द करीत नाही. ती फक्त मोठ्याने वाचते आणि जुळत नसेल तर थांबा म्हणते. दहातले नऊ वेळा सगळे बरोबरच असते. पण दहाव्या वेळेसाठी ती दुसरी लागते. आपल्या इस्राएलमध्ये असे दुसरे सभागृह नाही. म्हणून २०२३ साली कोर्टाच्या अधिकारावरून वाद झाला तेव्हा भांडण सरळ क्नेसेत आणि सुप्रीम कोर्ट यांच्यात गेले. मधे वाचून बघणारे कोणी नव्हते.

आता सभापतींची गोष्ट. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताला दोन सभागृहे मिळाली. १९३७ साली वरच्या सभागृहाची पहिली बैठक पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये भरली. मंगलदास पकवासा हे पहिले प्रमुख. मुंबईत कामकाज रीगलजवळच्या जुन्या इमारतीत चालायचे, जिथे आता पोलिसांचे मुख्यालय आहे. आम्ही तिच्यासमोरून बसने कितीदा गेलो असू, आत काय चालते ते कधी विचारले नाही. नरिमन पॉइंटचे विधान भवन १९८१ मध्ये झाले, तोवर आम्ही इकडे आलो होतो.

१९५५ ते १९६२ या काळात उपसभापती एक बाई होत्या, जेठी सिपाहीमलानी. त्या सिंधी, फाळणीनंतर मुंबईत आलेल्या. ज्यांचे गावच राहिले नाही अशा बाईला दहा वर्षांच्या आत दुसऱ्या गावाने सभागृहाच्या उच्च खुर्चीवर बसवले. बोटीने, विमानाने देश बदललेल्या आम्हा लोकांना यातले मोल कोणी सांगायला नको.

महाराष्ट्र झाल्यावर १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे वि. स. पागे सभापती होते. गांधीविचाराचे, सांगली जिल्ह्यातले. रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना. १९७२ चा दुष्काळ आम्ही विसरलो नाही. आम्ही तेव्हा शिकाऊ नर्स होतो. वॉर्डात खेड्यातून आलेल्या बायका असायच्या, हाडे वर आलेली, अंगावर लेकरू. औषध कसले देणार, त्यांना भाकरी हवी होती. मागेल त्याला काम ही योजना त्याच काळात राज्यभर गेली, पुढे तिचा कायदा झाला, आणि २००५ साली दिल्लीने सगळ्या देशासाठी तसा कायदा केला. पागे यांना रोज मते मागत फिरायचे नव्हते. बसून विचार करायला त्यांना वेळ होता, आणि त्या वेळेचे त्यांनी सोने केले.

पागे यांच्यानंतर रा. सू. गवई आले, १९७८ ते १९८२. रिपब्लिकन पक्षाच्या एका छोट्या गटाचे पुढारी, पण मोठ्या पक्षांनी त्यांना खुर्ची दिली. त्यांचे चिरंजीव भूषण गवई २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. पुढची सोळा वर्षे, १९९८ पर्यंत, लोकमान्यांचे नातू आणि 'केसरी'चे संपादक जयंतराव टिळक. नेमलेल्या सभासदांत 'गीतरामायण' लिहिणारे ग. दि. माडगूळकर होते, शेतकरी कवी ना. धों. महानोर होते. महानोर सभागृहात पाण्याविषयी आणि शेतीविषयी बोलायचे.

ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्याला मागच्या दाराने आणायला हे सभागृह बरे पडते अशी तक्रार जुनी आहे. राम शिंदे स्वतः २०१९ आणि २०२४ मध्ये कर्जत-जामखेडला विधानसभेची निवडणूक हरले होते. उद्धव ठाकरे आधी मुख्यमंत्री झाले आणि मग मे २०२० मध्ये परिषदेत आले. २० जून २०२२ ला परिषदेच्या दहा जागांसाठी मतदान झाले, मते गुप्त, आणि बरीच मते फुटली. त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला गेले आणि दहा दिवसांत सरकार बदलले.

पण आम्हाला जास्त टोचले ते रिकाम्या खुर्च्यांचे. मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये बारा नावे राज्यपालांकडे पाठवली. त्यावर हो नाही, नाही नाही. मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटले की वाजवी वेळात निर्णय घेणे हे कर्तव्य आहे. तरी काही झाले नाही. पुढच्या सरकारने ती यादीच परत घेतली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांचा शपथविधी झाला, आणि त्याच दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. सातांत बहुतेक पक्षांचीच माणसे. पालिकांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, मुंबई महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. नगरसेवकच नाहीत तर त्यांनी निवडायचे आमदार कुठून येणार? त्याही खुर्च्या ओस. आणि सभापती रामराजे नाईक निंबाळकर यांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली, ती खुर्ची डिसेंबर २०२४ पर्यंत तशीच. जवळजवळ अडीच वर्षे उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी सभागृह चालवले.

आमच्या तरुणपणी एका हॉस्पिटलात मेट्रनची जागा वर्षभर रिकामी होती. असिस्टंट मेट्रनबाई दोन्ही कामे करायच्या. हॉस्पिटल चालले, कोणी मेले नाही. वरचे म्हणू लागले, मग जागा भरायची घाई कशाला? जागा रिकामी ठेवण्यातला धोका हाच. माणसांना रिकाम्या खुर्चीची सवय होते.

आता कोणी म्हणेल, आपल्याला त्याचे काय? आपल्याला आहे. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात ज्यू साडेचार हजारांच्या आसपास भरले. महाराष्ट्रात विधानसभेच्या एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांवर मतदार असतात. आपल्या माणसांनी एकगठ्ठा मते दिली तरी एक नगरसेवक येणे कठीण. अँग्लो-इंडियन समाजासाठी विधानसभेत नेमणुकीची सोय होती, तीही जानेवारी २०२० मध्ये संपली. आपल्यासाठी ती कधी नव्हतीच. अल्पसंख्याक म्हणून महाराष्ट्र सरकारने आपल्याला २०१६ साली मानले, हेच मोठे.

तरी आपले डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीला जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. महापौराला नगरसेवक निवडतात, म्हणून हे शक्य झाले. सहकाऱ्यांनी माणूस बघितला, त्याच्यामागे किती डोकी आहेत हे मोजले नाही. इथेही मुंबईत जन्मलेले एली बेन-मेनाहेम मजूर पक्षाच्या यादीतून क्नेसेतमध्ये गेले, नुसत्या आपल्या मतांवर गेले नसते. लहान समाजाचा माणूस वर जातो तो अशाच दाराने. विधान परिषदेच्या त्या बारा खुर्च्या म्हणजे असेच एक दार. ते पुढाऱ्यांच्या पाहुण्यांसाठी वापरले, किंवा चार वर्षे कडी लावून ठेवले, तर नुकसान मोठ्या पक्षांचे होत नाही. ज्यांना दुसरे दार नाही त्यांचे होते.

पुढच्या मंगळवारी आम्ही हे सगळे क्लबात वाचून दाखवले. जावईबापूही आले होते. ते म्हणाले, "मावशी, मग बारा जागांवर तुम्ही कोणाला नेमले असते?" मग काय विचारता! कोणी आपल्या शाळेच्या बाईंचे नाव घेतले, कोणी गावच्या सुईणीचे, कोणी कीर्तनकाराचे. चहा गार झाला तरी यादी बाराच्या पुढे गेली होती, आणि तिच्यात पुढारी एकही नव्हता. वाचकांनीही आपापली नावे संपादकांकडे जरूर पाठवावीत.