नॉर्वेंतील शेतकऱ्यांची नाताळची बियर व घरचें विरजण

शेतकीच्या मासिकांत बियरविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल. म्हणून आरंभींच सांगून टाकितों कीं, मद्यपानाची तरफदारी करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांस तें वर्ज्य आहे त्यांनीं तें वर्ज्यच मानावें. पण एका थंड व डोंगराळ मुलुखांतील शेतकऱ्यांनीं नाताळच्या बियरच्या निमित्तानें एक वस्तु पिढ्यान्‌पिढ्या कशी सांभाळली, हा विषय सर्वस्वीं शेतकीचा आहे, व त्यापासून आपणांस घेण्यासारखें पुष्कळ आहे.

आमचें आयुष्य महसूल खात्यांत सातबाराचे उतारे व आणेवारीचे तक्ते लिहिण्यांत गेलें. निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, तेव्हां निरनिराळ्या देशांतील शेतकऱ्यांवर काय काय देणीं असत, हें आम्ही पाहूं लागलों. त्यांत नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील 'गुलातिंग' नांवाच्या सभेचा जुना कायदा दृष्टीस पडला. त्याची आज उपलब्ध असलेली मुख्य प्रत तेराव्या शतकांतील आहे. मजकूर त्याहूनही जुना आहे. या कायद्याप्रमाणें प्रत्येक शेतकऱ्यानें हिवाळ्याच्या सणांकरितां बियर केलीच पाहिजे असा दंडक होता. नाताळच्या रात्रीं ती येशू ख्रिस्त व मेरी यांस अर्पण करून चांगलें साल व शांतता मागावयाची. जो करणार नाहीं त्यानें बिशपास दंड द्यावयाचा. आणि जो तीन वर्षें लागोपाठ चुकेल त्याची सर्व मालमत्ता जप्त होऊन निम्मी राजाकडे व निम्मी बिशपाकडे जावयाची. प्रायश्चित्त घेऊन दंड न भरल्यास देश सोडावा लागे.

आम्हां कारकुनांस अशा कायद्यांत पहिल्यानें दिसते ती सुटीची तरतूद. तीही तेथें आहे. ज्याच्या गोठ्यांत सहा गाईंहून कमी गाई आहेत, किंवा ज्याचा पेरा ठराविक मापाहून थोडा आहे, त्यानें बियर करावी कीं न करावी हें त्याच्या खुशीवर सोडलें होतें. इतरांनीं निदान तिघांनीं मिळून करावी असें होतें. म्हणजे सण एकट्याचा नव्हे, शेजाऱ्यांचा, हेंही कायद्यांतच गोंविलें होतें. आपल्याकडे १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें परवान्यावांचून दारू करणें गुन्हा ठरविलें. तेथें एके काळीं न करणें हा गुन्हा होता. देश तसा कायदा, दुसरें काय!

आतां तो मुलूख कसा आहे तें पाहूं. नॉर्वेंत एकंदर जमिनीपैकीं लागवडीखालील जमीन शेंकडा तीनच्या आसपास आहे. पश्चिमेकडील व्हॉस, हार्डांगर, होर्निंदाल या भागांत उंच डोंगर व त्यांमध्यें दूरवर शिरलेल्या समुद्राच्या खाड्या आहेत. उन्हाळा अगदीं आखूड. तेवढ्या अवधींत पिकणारें धान्य म्हणजे जव, ज्यास आपल्याकडे सातू असेंही म्हणतात. या जवाची भाकरी होई, आणि उत्तम दाणे नाताळच्या बियरकरितां बाजूस काढीत.

बियरचें पहिलें काम म्हणजे धान्यास मोड आणणें. आपल्या घरीं लहान मुलांकरितां नाचणीचें सत्त्व करितांना नाचणी भिजवितात, फडक्यांत बांधून मोड काढितात, वाळवून दळितात. तीच रीत जवाची आहे. पोतीं ओढ्याच्या वाहत्या पाण्यांत दोन-तीन दिवस बुडवून ठेवीत. मग दाणा पसरून सुमारें आठवडाभर मोड येऊं देत. मोड येतांना दाण्याच्या पोटांत अशीं द्रव्यें तयार होतात कीं, तीं पुढें ऊन पाण्यांत त्याच दाण्यांतील पिठाची साखर करितात. मोड योग्य लांबीस आले कीं दाणा शेकून वाळवावयाचा. यास माल्ट म्हणतात. स्ट्योरदाल नांवाच्या भागांत आल्डर झाडाच्या लाकडाचा विस्तव करून, वर भोंकें पाडलेल्या फळ्यांवर दाणा पसरितात, त्यामुळें त्यास धुराचा वास लागतो. अशी भट्टी बांधणें एकट्याच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून तेथें कित्येक शेतकरी मिळून एक भट्टी राखितात व पाळीपाळीनें वापरितात. आपल्या वाचकांस ही व्यवस्था परकी वाटणार नाहीं.

डिसेंबरांत दिवस फार लहान. व्हॉसकडे सूर्य डोंगराच्या कडेवर थोडा वेळ दिसतो न दिसतो. अशा अंधाऱ्या दिवशीं पहांटेस घराबाहेरील चुलीच्या खोपींत तांब्याचें मोठें भांडें चढतें. प्रथम पाण्यांत जुनिपरच्या फांद्या घालून उकळवितात. हें सुईसारख्या पानांचें, रानांत आपोआप उगवणारें झुडूप आहे. त्याच्या काढ्यानें पिंपें धुतात, आणि तोच काढा बियरसही वापरितात. भांडीं त्यानें स्वच्छ राहतात व चवही येते. मग तो काढा भरड माल्टवर ओतून मोठ्या लाकडी पिंपांत कांहीं तास झांकून ठेवितात. पिंपाच्या तळाशीं जुनिपरच्याच फांद्या अंथरलेल्या असतात. त्यांतून गाळून गोड रस खालच्या तोटीनें हळूहळू काढितात. ही तोटी घाईनें सोडिली तर चोथा तळाशीं दाटून रस अडतो. म्हणून एक मनुष्य तिच्यापाशीं बसून राहतो. व्हॉसकडे हा रस तीन-चार तास उकळवितात, त्यानें रंग तांबूस होतो. होर्निंदालकडे बहुधा उकळवीत नाहींत. या कामास सकाळपासून रात्र होते, व घरचीं लहानमोठीं सर्व माणसें त्यांत गुंतलेलीं असतात.

यानंतर खरी गोष्ट येते. गोड रस म्हणजे बियर नव्हे. दुधाचें दहीं होण्यास जसें विरजण लागतें, तसें या रसास किण्व म्हणजे यीस्ट लागतें. यीस्ट हे अति सूक्ष्म जीव आहेत. ते साखर खाऊन तिचें मद्य व वायु करितात. पश्चिम नॉर्वेंत या घरगुती विरजणास 'क्वेइक' म्हणतात, आणि त्याच शब्दाच्या धातूचा अर्थ चेतविणें, पेटविणें असा आहे. विस्तव राखेंत जपून सकाळीं पुन्हां फुंकून घ्यावा, तशी ही वस्तु जपीत.

जपण्याची रीत अशी. बियर आंबून झाली कीं वरचा फेंस किंवा तळाचा सांका काढून घ्यावयाचा. त्यांत गवताचें कडें, किंवा लाकडाच्या लहान तुकड्यांची एकमेकांत गुंफलेली माळ बुडवून ती खुंटीस टांगून वाळवावयाची. कोठें ओंडक्यास भोंकें पाडून तो यीस्टमध्यें बुडवून सुकवीत. वाळलेलें क्वेइक वर्षभर, कधीं त्याहूनही अधिक टिकतें. पुढील नाताळास रस कोंबट झाला कीं तें कडें त्यांत सोडावयाचें. किती कोंबट? जुन्या लोकांजवळ उष्णतामापक यंत्र नव्हतें. ते दुधाच्या उष्णतेवरून अंदाज घेत. आपल्या भाषेंत त्यास नेमका शब्द आहे : धारोष्ण. हल्लींच्या मापानें तें ३० ते ४० अंश सेल्सियस भरतें. कारखान्यांतील साधें यीस्ट २० अंशांच्या आसपास बरें चालतें, आणि एवढ्या उष्णतेंत बियरची चव बिघडवितें. क्वेइक मात्र याच उष्णतेंत जोमानें काम करून दोन-तीन दिवसांत मोकळें होतें. विरजण घालितेवेळीं कित्येक घरीं पिंपापाशीं मोठ्यानें ओरडण्याची चाल होती. तेवढ्या जोरानें तें चढावें असा त्यांतील भाव.

डिसेंबरच्या २१ तारखेस तेथें संत थॉमसचा दिवस पाळीत. लोक त्यास 'बियर करणारा थॉमस' म्हणत, व लाकडी पट्टीवर कोरलेल्या जुन्या पंचांगांत त्या दिवशीं पिंपाचें चित्र काढीत. या दिवसापूर्वीं बियर तयार झालीच पाहिजे; मग शेजारी एकमेकांच्या घरीं जाऊन चव पाहत. होर्निंदालच्या बाजूस पिंप उघडण्याच्या वेळीं शेजाऱ्यांस बोलावण्याची रीत आहे. या भेटींत केवळ मौज नव्हती. कोणाचें विरजण चांगलें चढलें, कोणाचें आंबट झालें, हें सर्वांस समजे. ज्याचें बिघडलें असेल तो चांगल्या घरचें मागून आणी, व पुढील सालीं स्वतःचें म्हणून वापरी. देणाराही आनंदानें देई. कारण एखादे वर्षीं त्याचें बिघडलें तर तेंच विरजण त्या शेजाऱ्याकडून त्यास परत मिळे. सगळें गांव मिळून एक कोठार होतें, फक्त त्यास भिंती नव्हत्या.

पुढें दिवस पालटले. १८८३ सालीं डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग कारखान्याच्या प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनीं एकाच पेशीपासून वाढविलेलें शुद्ध यीस्ट तयार केलें. शोध मोठाच होता. त्यानें कारखान्याची बियर दरवेळीं एकसारखी होऊं लागली. त्याच सालीं बर्गेन शहरापासून व्हॉसपर्यंत आगगाडी सुरू झाली. बाहेरचें स्वस्त धान्य येऊं लागलें, पश्चिमेकडील शेतकऱ्यांनीं जव सोडून गवत व दूधदुभतें धरिलें, मद्यपानाविरुद्ध चळवळी झाल्या, आणि दुकानांत तयार बियर व पुडींतलें यीस्ट मिळूं लागलें. एकेका घरानें विचार केला कीं, विकत मिळतें तर जपावयाचें कशास? असें करतां करतां गांवेंच्या गांवें रिकामीं झालीं. ज्या गांवांत शेवटच्या घरानें कडें फेंकून दिलें, तेथील क्वेइक कायमचें गेलें. मागावयास शेजारच उरला नाहीं.

तरी व्हॉस, होर्निंदाल व आसपास थोड्या घरांनीं हट्टानें तें चालू ठेविलें. लार्स मारियुस गार्शोल या नॉर्वेजियन गृहस्थांनीं २०१० नंतरच्या दशकांत अशा घरीं जाऊन रीती लिहून घेतल्या. त्यांवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक २०२० सालीं निघालें. क्वेइकचे नमुने इंग्लंडांतील नॉर्विच येथील यीस्टच्या राष्ट्रीय संग्रहांत ठेविले गेले. २०१८ सालीं कॅनडांतील ग्वेल्फ येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलें कीं, हीं यीस्टें इतर बियरच्या यीस्टांपासून वेगळें असें एक स्वतंत्र कुळ आहे. शेतकऱ्यांनीं बेडौल कड्यावर वाळवून जपलेली वस्तु शास्त्रास नवी निघाली! आज अनेक देशांतील लहान लहान बियरशाळा हें यीस्ट वापरितात. थंड करण्यास यंत्र कमी लागतें व काम लवकर उरकतें, हा त्यांचा उघड फायदा. होर्निंदाल येथें २०१६ पासून शेतघरच्या बियरचा उत्सवही भरूं लागला. प्रयोगशाळा तें पुड्यांत भरून विकूं लागल्या; पण मूळ बीज शेतकऱ्याच्या खुंटीवरचें.

असाच दाखला आपल्या घरचा आहे. रब्बी ज्वारीचें नांवाजलेलें मालदांडी ३५-१ हें वाण सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळच्या संशोधन केंद्रांत निवडलें गेलें, तें शेतकऱ्यांच्या जुन्या मालदांडींतूनच. शेतकऱ्यानें आधीं राखली नसती, तर शास्त्रज्ञ निवडणार कशांतून?

आणि उलट दाखलाही घरचाच आहे. आमच्या घरीं आजोबांच्या वेळेपासूनची एक ज्वारी होती. १९७२ च्या दुष्काळांत घरांत खाणारीं तोंडें अकरा व कणगींत बियाण्यापुरते दाणे. आमच्या आईनें चार दिवस कणगीस हात लाविला नाहीं. पांचव्या दिवशीं जातें मांडलें. यांत तिचा दोष मुळींच नव्हता. पुढील सालीं पाऊस पडला तेव्हां वडील बीं मागावयास शेजारीं गेले, भावकींत गेले, शेजारच्या गांवींही गेले. सर्वांनीं तेंच केलें होतें. सरकारी बियाणें मिळालें व पीकही बरें आलें. पण ती ज्वारी पुन्हां दिसली नाहीं. वडील म्हातारपणीं भाकरी मोडतांना कधीं कधीं तिची आठवण काढीत.

म्हणून वाचकांस आमची विनंति एवढीच. नवें बियाणें अवश्य घ्यावें. आम्ही त्याच्या विरुद्ध नाहीं. परंतु घरचें जुनें वाण, मग तें ज्वारीचें असो, भाताचें असो, कीं परसांतील वालाचें असो, एका कोपऱ्यांत तरी दरवर्षीं लावावें. मुख्य म्हणजे तें एकाच घरांत ठेवूं नये. मूठभर शेजाऱ्यास द्यावें, मूठभर लेकीच्या सासरीं दुसऱ्या तालुक्यांत पाठवावें, व कोणास दिलें तें वहींत टिपून ठेवावें. दुष्काळ व कीड एका शिवारांत येते, तेव्हां दुसऱ्या शिवारांतलें बीं उपयोगी पडतें. आपल्या मंडळाच्या सभासदांनीं येत्या बैठकीस येतांना घरच्या वाणाची एक एक पुडी, नांव व गांव लिहून, बरोबर आणिली तर देवघेवीस तेथेंच आरंभ होईल. आमच्या घरीं आतां परसांतील वालाखेरीज जुनें कांहीं उरलें नाहीं. ती पुडी आम्ही घेऊन येऊं.