हात बसेपर्यंत

दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये संपतो आणि अकरावीचे प्रवेश मार्गी लागेपर्यंत मुलांच्या हाती दोन-तीन महिने मोकळे असतात. या काळात महाराष्ट्रातल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘दिवसभर मोबाइल घेऊन लोळू नकोस, एमएस-सीआयटी तरी करून टाक.’’ पालघर-बोईसरला एप्रिल लागला की ‘सुट्टीची बॅच सुरू’ असे फलक झळकतात. फलकावर बाण असतो. त्या दिशेने जिना चढून गेलं की दारात चपलांचा ढीग, आत भिंतीला टेकवून ओळीने मांडलेले संगणक आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर.

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा कोर्स शिकवणाऱ्या या क्लासांमागे आहे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन लिमिटेड, म्हणजे एमकेसीएल. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये ही कंपनी उभी राहिली. सी-डॅकमध्ये काम केलेले विवेक सावंत तिचे पहिले व्यवस्थापकीय संचालक. संगणक साक्षरता गावोगाव न्यायची तर सरकारी इमारती बांधत बसण्यात वर्षं गेली असती. त्याऐवजी आधीच चालू असलेल्या छोट्या खासगी क्लासांना अधिकृत केंद्राचा दर्जा देण्यात आला. जागा, यंत्रं आणि शिकवणारा माणूस केंद्राचा, अभ्यासक्रम आणि सॉफ्टवेअर एमकेसीएलचं, आणि प्रमाणपत्रावर अनेक वर्षं मोहोर राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. अशा जाळ्यातून आजवर एक कोटीहून अधिक लोक हा कोर्स करून बाहेर पडले.

त्यातले सगळे काही हौसेने आलेले नव्हते. शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता सक्तीची केली आणि त्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत घातली. मुदत चुकली तर वेतनवाढीवर गदा. त्या वर्षांत पन्नाशीचे गुरुजी आणि त्यांचेच विद्यार्थी एका बाकावर माउस धरायला शिकले. पुढे सरकारी भरतीच्या जाहिरातींत ही अट कायमची येऊन बसली. केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेचा ‘सीसीसी’ही तिथे चालतो, पण मराठी घरांत नाव निघतं ते एमएस-सीआयटीचंच.

कोर्सचा ढाचा सोपा आहे. प्रवेशाला शिक्षणाची अट नाही, त्यामुळे आठवी-नववीची मुलंही येतात. ‘एरा’ नावाच्या सॉफ्टवेअरवर धडा पाहायचा, तीच कृती स्वतः करायची आणि गुण मिळवायचे. शंभरपैकी पन्नास गुण या रोजच्या कामाचे, पन्नास शेवटच्या ऑनलाइन परीक्षेचे. मराठीतूनही शिकता येतं. नापास होणं तसं अवघडच.

अवघड आहे ते हात बसणं. आजच्या मुलाला रील कापता-जोडता येते, पण फाइल म्हटलं की तो अडतो. मोबाइलमध्ये फोटो ‘गॅलरीत’ असतो. कुठल्या फोल्डरमध्ये, हे त्याला कधी विचारावंच लागलेलं नसतं. मग तासभर खपून टाइप केलेला अर्ज तो बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी विचारतो, ‘‘सर, माझं कालचं कुठे गेलं?’’ नाव देऊन, जागा ठरवून फाइल जतन करणं हा खरा पहिला धडा. दुसरा एक्सेलचा. कोरी चौकट भरायला मुलं पटकन शिकतात, पण बेरीज मात्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून आकडा आत लिहितात. वरची रक्कम बदलली की खालची तशीच राहते, आणि सूत्र कशाला लिहायचं ते तेव्हा कळतं.

बोईसरला हे कळण्याला वेगळी किंमत आहे. तारापूरच्या एमआयडीसीत रसायनं, पोलाद, कापडाचे कारखाने आहेत. दहावी-बारावी झालेल्या मुलाला तिथे मिळणारं काम बहुधा गेटवर, स्टोअरमध्ये, डिस्पॅचला किंवा वजनकाट्यावर असतं. आलेल्या मालाची नोंद, चलन, ठेकेदाराच्या माणसांची हजेरी हे सगळं आता पडद्यावर. सुपरवायझर प्रमाणपत्र मागत नाही. खुर्चीत बसवतो आणि ‘‘ही शीट भर’’ म्हणतो. पाच मिनिटांत काय ते दिसतं.

पालघरची गरज आणखी निराळी. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा जिल्हा झाला आणि जिल्हाधिकारी कचेरी इथे आली. जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, सगळे अर्ज ऑनलाइन. ते भरून देणारी सेवा केंद्रंही गावोगाव झाली. ज्या घरात एका पोराचा हात बसलेला असतो, त्या घराला दाखल्यासाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळावं लागत नाही.

मात्र सुट्टीच्या बॅचचं वेळापत्रक शहरातल्या घरांच्या सोयीचं आहे. उमरोळी, केळवे रोड, वाणगावची मुलं लोकल पकडून येतात. २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आल्यापासून ते सोपं झालं. जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या मुलांना रेल्वेच नाही. तिथल्या आश्रमशाळांना सुट्टी लागते तेव्हा काहींचे आईबाप अजून वीटभट्टीवर असतात, आणि मुलंही तिकडेच जातात. सातपाटी-मुरब्याला जूनमध्ये मासेमारी बंद होण्याआधीचे दिवस घाईचे. मासळी सुकवायला घरातला प्रत्येक हात लागतो. या मुलांना एप्रिल-मे मोकळा नसतोच. त्यात फीचे काही हजार रुपये.

म्हणून हे काम शाळेतच व्हायला हवं होतं. २००४ च्या केंद्राच्या योजनेतून माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आले, पण अनेक ठिकाणी ते चालवायचं कंत्राट पाच वर्षांचं होतं. कंत्राट संपलं की शिक्षक गेला आणि मागे राहिली कुलूपबंद खोली. यंत्रं होती, त्यांच्यासमोर मुलाला बसवणारं कोणी उरलं नाही. आठवी-नववीला आठवड्याचे दोन तास, वर्षभर, शाळेच्याच वेळेत मिळाले तर सुट्टी, लोकल आणि फी हे तिन्ही अडथळे एकदम गळून पडतील.

तोवर भार या जिना चढून जायच्या क्लासांवरच आहे. पालक चौकशीला येतात तेव्हा दोनच प्रश्न विचारतात : फी किती आणि पास होईल ना? पास तो होईलच. तिसरा प्रश्न विचारावा : एका संगणकावर किती मुलं, आणि परीक्षा झाल्यावरही सरावाला बसू द्याल का? याला जो क्लासवाला न अडखळता उत्तर देईल, त्याच्याकडे पोराला घालावं.